टायर आधी संपला, रेस नंतर : फिलिप आयलंडची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? एसटीत, लोकलमध्ये, गॅलरीत, कुठेही ऐका. फक्त बाइक चालवताना ऐकत असाल तर आधी हे बंद करा. मी कुठे पळून जात नाही.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. लिहिलंय, "दादा, मोटोजीपीत एखादा गडी तीन सेकंद पुढे असतो, आपण चहा आणायला उठतो आणि परत येऊन बघतो तर तो पाचवा. एवढ्यात काय होतं?" मित्रा, तू कुठली रेस बघून हे लिहिलंस ते मला माहितीय. कारण त्या दिवशी चहा आणायला मीही उठलो होतो.

२१ ऑक्टोबर २०२३. नवरात्रातला शनिवार, आपल्याकडे सकाळ आणि ऑस्ट्रेलियात दुपार. मुख्य रेस खरं तर रविवारी असते, पण रविवारी सोसाट्याचा वारा सुटणार असा अंदाज होता म्हणून ती शनिवारीच घेतली. ट्रॅक फिलिप आयलंड, मेलबर्नच्या खाली, अगदी समुद्राला चिकटून. पोलवर होर्हे मार्टिन. चॅम्पियनशिपमध्ये पेको बान्यायाच्या मागे तो फक्त १८ गुणांनी. आधीच्याच रविवारी इंडोनेशियात आघाडीवर असताना पडला होता, त्यामुळे ही रेस त्याला हवीच होती.

आता टायर. मागच्या टायरसाठी पर्याय होते सॉफ्ट आणि मीडियम. पुढच्या गटातल्या बाकीच्यांनी मीडियम घेतला, मार्टिनने सॉफ्ट. म्हणजे हिशेब साधा होता : मऊ रबर, सुरुवातीला जास्त पकड, सुटायचं, मोठी आघाडी घ्यायची आणि शेवटी ती पुरवून पुरवून खायची. आणि तो सुटलाच की! तीन सेकंदांहून जास्त आघाडी. मोटोजीपीत तीन सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. मी म्हटलं, संपली रेस, आणि गॅस पेटवला.

रेस २७ लॅपची होती आणि टायर अंदाजे २४ लॅपचा. शेवटच्या काही लॅपमध्ये आघाडी वितळायला लागली. आधी थोडी थोडी, मग धाडकन. शेवटच्या लॅपला चौथ्या वळणावर योहान झार्को आत घुसला. तो मार्टिनच्याच संघातला. मग बान्याया, मग डी जानान्तोनिओ, मग ब्रॅड बाइंडर. सव्वीस लॅप पहिला असलेला माणूस पाचवा आला. २५ गुणांच्या जागी ११. बान्याया दुसरा, त्यामुळे १८चा फरक २७ झाला. झार्को २०१७ पासून मोटोजीपीत होता, हा त्याचा पहिलाच विजय. त्याने त्याची ती उलटी कोलांटी मारली. माझा चहा उतू गेला होता.

मार्टिनचं इंजिन बिघडलं नाही, तो पडला नाही, त्याने एकही मोठी चूक केली नाही. मागच्या टायरच्या डाव्या बाजूचं रबर संपलं, एवढंच. डावी बाजू का, ते सांगतो. त्याआधी टायर झिजतो म्हणजे नक्की काय होतं ते बघू. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं की वेगाने झिजतो. तसं नाहीये.

शाळेतलं खोडरबर आठवा. कागदावर नुसतं ठेवलं तर झिजतं का? नाही. चाकासारखं गोल फिरवत नेलं तरी फारसं नाही. दाबायचं आणि घासायचं, मग त्याच्या काळ्या वळ्या निघतात. टायरचं तेच. तो रस्त्यावर नुसता फिरतोय तोवर आयुष्य बरंच असतं. पण थ्रॉटल उघडला की मागचं चाक रस्त्यापेक्षा थोडं जास्त फिरतं. त्याला स्लिप म्हणतात. थोडी स्लिप लागतेच, तिच्याशिवाय पकडच मिळत नाही. ती वाढली की टायर ढकलायचं सोडून घासायला लागतो. आणि टीव्हीवर ट्रॅकच्या कडेला जो काळा चुरा दिसतो ना, त्या खोडरबराच्याच वळ्या आहेत.

आता कागदाच्या जागी सहाण आणा. आजी चंदन उगाळायची ती. खरखरीत ट्रॅक म्हणजे सहाण. डांबर खडीला धरून ठेवतं, आणि वरचं डांबर थोडं गेलं की खडीची टोकं उघडी पडतात. ती टोकं रबरात घुसतात, म्हणून पकड येते. आणि तीच टोकं रबर खरवडतात. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला धरते तीच तुम्हाला खाते. गंमत बघा, याच्या उलट गुळगुळीत झालेल्या जुन्या ट्रॅकवरही टायर झिजतो. बार्सिलोनाच्या ट्रॅकबद्दल रायडर कायम कुरकुरायचे, तिथे पकड नाही म्हणून चाक फिरतं आणि फिरतं म्हणून झिजतं. कतारमध्ये लोसेलला तर वाळवंटातली वाळू उडून ट्रॅकवर येते. पॉलिश पेपरच.

घासण्याबरोबर दुसरी गोष्ट येते ती उष्णता. रबराला ठरावीक तापमान लागतं. त्याच्या खाली असेल तर ते कडक राहतं आणि पृष्ठभाग फाटून बारीक सुरकुत्या पडतात, त्याला ग्रेनिंग म्हणतात. फार तापलं तर आतून फोड येतात. म्हणून "हार्ड टायर घे, जास्त टिकेल" हे प्रत्येक वेळी खरं नसतं. थंडीत हार्ड टायर तापलाच नाही तर घसरत राहतो, आणि घसरत राहिला की सॉफ्टच्या आधी त्याचाच पृष्ठभाग फाटतो. हे मला कळायला फार वेळ लागला.

तर फिलिप आयलंड. लांबी ४.४४८ किलोमीटर, बारा वळणं. सात डावी, पाच उजवी. सात-पाच ऐकायला फार फरक वाटत नाही, पण ती डावी वळणं लांब आणि वेगवान आहेत. दुसरं वळण संपता संपत नाही. तिसरं, ज्याला केसी स्टोनरचं नाव दिलंय, तिथे बाइक झोपवून भन्नाट वेगाने जायचं. आणि शेवटी अकरावं-बारावं. बाराव्या वळणातून मुख्य स्ट्रेटवर यायचं म्हणजे बाइक डावीकडे पूर्ण झुकलेली, थ्रॉटल उघडत चाललाय आणि अडीचशेहून जास्त हॉर्सपॉवर त्या टायरच्या डाव्या खांद्यावर. जमिनीला टेकलेला भाग केवढा? तळहाताएवढा, कधी त्याहून लहान. हे दर लॅपला, २७ वेळा.

तुमच्या बाइकचा मागचा टायर बघा एकदा. आपण हायवेला सरळ चालवतो, त्यामुळे तो मधोमध चपटा होतो. यांचा मधला भाग धडधाकट असतो आणि खांदा गेलेला असतो. म्हणून तिथे येणारा मागचा टायर दोन जातींच्या रबराचा असतो, डावीकडे कडक, उजवीकडे मऊ. कारण उजव्या बाजूचं दुखणं बरोबर उलटं. ती बराच वेळ जमिनीला टेकतच नाही, आणि समुद्रावरचा गार वारा तिला थंड करतो. चौथं वळण उजवं, हळू आणि ब्रेक मारून घ्यायचं. तिथे थंड बाजूवर भरवसा ठेवून आत घातलेली माणसं किती पडलीत, मोजायला नको. एका बाजूला भाजतंय, दुसऱ्या बाजूला गारठलंय. एकाच टायरला.

मग रायडर करतो काय? टीव्हीवर समालोचक म्हणतात "तो टायर मॅनेज करतोय", आणि आपल्याला वाटतं तो हळू चालवतोय. तसं नसतं.

पहिलं म्हणजे बाइक लवकर उभी करणं. वळणाच्या मध्याला टोक काढायचं, पटकन वळवून घ्यायची, आणि थ्रॉटल उघडायच्या आधी बाइक थोडी सरळ करायची. अंग आतच लोंबकळत ठेवायचं पण बाइक बाहेर ढकलायची. मग टायरचा रुंद भाग जमिनीला लागतो आणि झिजणाऱ्या खांद्यावरचा भार उतरतो. यात वळणात थोडा वेळ जातो, स्ट्रेटवर बराचसा परत मिळतो.

दुसरं, गिअर एक वरचा. दुसऱ्यात जे वळण घेता येतं ते तिसऱ्यात घ्यायचं. चाकाला मिळणारा जोर कमी, फिरण्याची शक्यता कमी. बघणाऱ्याला काही कळत नाही.

तिसरं इलेक्ट्रॉनिक्स. २०१६ पासून सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर आहे. डाव्या हाताशी बटणं असतात, रेसमध्ये इंजिनाचा नकाशा बदलता येतो आणि जोर कमी करता येतो. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरलेलं पकडतं. पण पकडतं म्हणजे चाक आधी थोडं फिरलेलंच असतं! ते फिरूच न देणं मनगटात असतं. मला विचाराल तर या खेळातलं सगळ्यात मोठं कौशल्य हेच. तो लीन अँगल, गुडघा, आता तर कोपर घासणं, फोटोला मस्त आहे. पण उजव्या मनगटाचा फोटो निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे पहिले पाच-सहा लॅप. तेव्हा टाकी भरलेली असते. २२ लिटर पेट्रोल म्हणजे सोळा-सतरा किलो. टायर नवा, पकड भरपूर, अंगात जोश. म्हणजे सगळ्यात जास्त वजन आणि सगळ्यात जास्त मोह एकाच वेळी. तिथे उधळलेलं रबर शेवटी परत मिळत नाही. टी-ट्वेंटीत चेस करताना हातात विकेटा ठेवतात ना, तसं आहे हे. पॉवरप्लेमध्ये ऐंशी धावा केल्या पण पाच गेले, तर अठराव्या ओव्हरला कोण मारणार? मार्टिनने पॉवरप्ले जबरदस्त खेळला होता.

अर्थात मागे राहणंही फुकट नसतं. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं तर त्याच्या बाइकची गरम हवा तुमच्या पुढच्या टायरवर येते, तो तापतो, प्रेशर वाढतं आणि ब्रेक मारताना पुढचं चाक सटकायला बघतं. म्हणजे पुढे पळालात तर मागचा जातो, मागे थांबलात तर पुढचा. मार्टिनचा निर्णय मूर्खपणाचा होता असं मी म्हणूनच म्हणत नाही. तीन लॅप कमी पडले, बस. ते तीन लॅप त्याने सुरुवातीला खर्च केले होते.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण हीच चूक मी अगदी छोट्या पातळीवर केलीय. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक-डेला गेलो होतो. चारशे सीसीच्या आतली बाइक, नवे टायर, भाड्याचा लेदर सूट, आणि ऊन असं की पिटमध्ये उभं राहूनच घाम. पहिल्या सेशनचे पहिले तीन लॅप मी स्वतःला वर्ल्ड चॅम्पियन समजत होतो. पाचव्या लॅपला मागचं चाक वळणातून बाहेर पडताना शेपटी हलवायला लागलं. सातव्याला एवढं सटकलं की पोटात गोळा आला. आत आलो आणि टायरला शिव्या घातल्या.

तिथे एक वयस्कर मेकॅनिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते खाली बसले, काहीच बोलले नाहीत, टायरच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. आधी एका दिशेने, मग उलट्या. मग माझा अंगठा धरून तिथे फिरवला. एका दिशेने गुळगुळीत लागत होतं, उलट्या दिशेने करवतीसारखं. म्हणाले, "तंबी, टायर ठीक है. हाथ खराब है."

बाइक झुकलेली असताना मी थ्रॉटल एकदम पिळत होतो, ते टायरवर लिहिलेलं होतं. शिवाय रस्त्यावरचं प्रेशर तसंच ठेवून गेलो होतो. ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा फुगते, प्रेशर वाढतं, टायर ताठ होतो आणि जमिनीला टेकणारा भाग आणखी लहान. अण्णांनी गरम टायरवरच गेज लावून हवा काढली. (आकडा सांगत नाही, कारण तुमची बाइक, टायर, दिवस वेगळा. आणि रस्त्यावर कंपनीने लिहिलंय तेवढंच ठेवा.) मग म्हणाले, पुढच्या सेशनला बाइक उभी होईपर्यंत मनात एक म्हणायचं, आणि मग उघडायचं.

तो "एक" म्हणणं केवढं जड जातं, सांगू? सगळे पुढे जातायत आणि तुम्ही वाट बघताय. माझा पहिला लॅप आधीच्या सेशनपेक्षा मंद आला, दीड सेकंदाने. शेवटचा लॅप मात्र त्या सेशनच्या शेवटच्या लॅपपेक्षा दोन सेकंदांनी जलद, आणि भीती न वाटता. टायर तोच होता.

पण काही वेळा हातसुद्धा पुरत नाही. त्यासाठी परत फिलिप आयलंडला, फक्त दहा वर्षं मागे. २०१३च्या मोसमाआधी ट्रॅकवर नवं डांबर टाकलं होतं. नवं डांबर म्हणजे भरपूर पकड, म्हणून जास्त वेग, म्हणून टायरमध्ये जास्त उष्णता. टायर कंपन्यांनी त्या नव्या पृष्ठभागावर पुरेशी चाचणी केलेली नव्हती. शुक्रवारी सराव सुरू झाला आणि मागच्या टायरला फोड यायला लागले. तेव्हा मोटोजीपीला ब्रिजस्टोनचे टायर होते, मोटो२ला डनलॉपचे. दोन्हींची तीच गत. मोटो२ची रेस २५ लॅपची, ती १३ वर आणली. मोटोजीपीची २७ची, ती शेवटी १९ वर. आणि वर नियम : एका टायरवर दहा लॅपच्या वर जायचं नाही. म्हणजे मध्ये आत येऊन बाइक बदलायची. कोरड्या रेसमध्ये!

त्या वर्षी मार्क मार्केझ वीस वर्षांचा, पहिलाच मोसम, चॅम्पियनशिपमध्ये पुढे. दहाव्या लॅपला आत यायचं होतं. आला नाही. अकराव्याला आला. संघाचा लॅप मोजण्याचा हिशेब चुकला होता. काळा झेंडा, रेसमधून बाहेर, शून्य गुण. होर्हे लॉरेन्झो जिंकला आणि ४३ गुणांची आघाडी एका दुपारी १८ वर आली. मोसम संपला तेव्हा मार्केझ जिंकला, पण फक्त चार गुणांनी. एका जास्तीच्या लॅपपायी वर्ष गेलं असतं.

काही लोक त्या रेसला तमाशा म्हणतात. मला ते पटत नाही. ताशी तीनशेच्या वर मागच्या टायरचा तुकडा उडाला तर काय होईल याचा विचार करा. लाज वाटली तरी चालेल, रेस कापली हे बरोबरच केलं. चूक आधीची होती, चाचणी न करण्याची. पुढच्या वर्षी रेसच्या कित्येक महिने आधी तिथे जाऊन टायर तपासले गेले. आणि तरी डांबर बदललं की प्रश्न परत येतोच. २०२४च्या फेब्रुवारीत वर्ल्ड सुपरबाइकची मंडळी तिथे गेली तेव्हा ट्रॅक पुन्हा नव्याने डांबरला होता. टायर पिरेलीचे, पण तोडगा तोच. रेस छोट्या केल्या आणि मध्ये टायर बदलणं सक्तीचं केलं.

आता तुझ्या मेसेजकडे, मित्रा. पुढच्या वेळी चहा आणायला उठायच्या आधी तीन गोष्टी बघ. लॅप टाइम : पुढचा माणूस दर लॅपला एक-दोन दशांश गमावतोय आणि मागचा तसाच स्थिर आहे का? मग वळणातून बाहेर येताना कोणाचं मागचं चाक हलतंय, कोण रस्त्यावर काळे पट्टे काढतोय. आणि कोण बाइक लवकर उभी करतोय. आघाडीचा आकडा सगळ्यात शेवटी बघ.

मार्टिनचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. २०२३चं विजेतेपद बान्यायाने नेलं. २०२४ला बान्यायाने मार्टिनपेक्षा कितीतरी जास्त रविवार जिंकले, तरी चॅम्पियन मार्टिन झाला, दहा गुणांनी. दुसरा येत राहिला, तिसरा येत राहिला, गुण गोळा करत राहिला. त्या शनिवारशी याचा संबंध आहे का, हे त्यालाच ठाऊक. मला आहे असं वाटतं.

वेळ मिळाला तर २०२३ची ती रेस परत बघा. पण या वेळी मार्टिनकडे बघू नका. पहिले दहा लॅप फक्त झार्को शोधा. कॅमेरा त्याला फारसा दाखवत नाही, तो मागच्या गर्दीत आहे. काहीच करत नाहीये असं वाटेल.